लॉन्सवरच्या रिसेप्शनला नाशिकची वाइन: कोणती घ्यावी, कशी सांभाळावी

एप्रिल-मे महिना, शहराबाहेरचं लॉन्स, संध्याकाळचे सात वाजलेत आणि पारा अजून तिशीच्या खाली उतरायला तयार नाही. आपल्याकडची बरीचशी रिसेप्शनं अशाच हवेत होतात आणि वाइनची खरी परीक्षा तिथेच होते. दुकानातल्या एसीत किंवा वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये आवडलेली बाटली लॉन्सवर वीस मिनिटांत ओळखू येईनाशी होते. त्यामुळे या परीक्षणात आम्ही एकच कसोटी लावली आहे: ग्लास हातात धरून पाहुणा वर-वधूच्या रांगेत उभा राहिला, तर त्याचा नंबर लागेपर्यंत ती वाइन पिण्याजोगी राहते का? आमचं मत आधीच सांगून टाकतो. बाटलीमागचे दोनशे रुपये वाचवा आणि ते बर्फावर घाला.

परीक्षा घरीही घेता येते. मनात असलेल्या प्रत्येक वाइनची एकेक बाटली आणा, फ्रिजमध्ये नीट गार करा, एक घोट घ्या. मग ग्लास अर्धा तास गच्चीवर ठेवा आणि पुन्हा प्या, शक्यतो केटररच्या चवीच्या दिवशी, त्याच स्टार्टर्सबरोबर. पहिल्या घोटाला उत्तम आणि दुसऱ्याला नकोशी वाटली, तर ती बाटली लॉन्सची नाही.

फसफसणाऱ्या वाइनपासून सुरुवात करू, कारण टोस्टसाठी ती लागतेच. महाराष्ट्रात दोन नावं सहज मिळतात: नाशिकच्या सुला वाइनरीची ‘सुला ब्रूट’ आणि ‘शॅन्डॉन ब्रूट’ (ब्रूट म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली). शॅन्डॉन ही मोएत हेनेसी या फ्रेंच समूहाची, नाशिकजवळच्या दिंडोरीत बनणारी आणि २०१३ पासून भारतीय बाजारात असलेली वाइन. शेनिन ब्लाँ, शार्डने आणि पिनो न्वार या द्राक्षांची. दोन्ही वाइन शँपेनच्या पद्धतीने, म्हणजे दुसऱ्यांदा बाटलीतच आंबवून केलेल्या असतात, त्यामुळे बुडबुडे बारीक आणि टिकाऊ. शॅन्डॉनची चव जास्त बांधीव आहे, शेवटही स्वच्छ आहे. पण ती महाग पडते आणि तिचं वेगळेपण कळायला ती ७-८ अंशांवर असावी लागते. सुला ब्रूटमध्ये शेनिनचा फळांचा गोडसर वास पुढे असतो. थोडी कोमट झाली तरी ती फार बिघडत नाही. तेव्हा स्टेजवरच्या टोस्टला आणि दोन्हीकडच्या जवळच्या मंडळींच्या टेबलाला शॅन्डॉन, फिरत्या ट्रेवर सुला. सगळ्यांना एकच द्यायची असेल, तर आम्ही सुला ब्रूट घेऊ. कोथिंबीर वडी, बटाटेवडा, तळलेले बोंबील अशा कुरकुरीत, तेलकट गोष्टींबरोबर ब्रूटसारखं दुसरं काही जमत नाही. आंबटपणा आणि बुडबुडे मिळून जिभेवरचं तेल धुऊन काढतात.

पांढऱ्या वाइनमध्ये लोक हटकून सोव्हिनियाँ ब्लाँकडे वळतात, कारण ते नाव ऐकलेलं असतं. सुलाची सोव्हिनियाँ खरोखर चांगली आहे. तिला पॅशनफ्रूटचा, ताज्या कापलेल्या गवताचा वास असतो. पण गच्चीवरच्या परीक्षेत ती नापास. तापली की फळांचा वास उडतो आणि ढोबळ्या मिरचीचा तेवढा उरतो. शेनिन ब्लाँ तिच्यापेक्षा साधी, किंचित गोडसर. जाणकार तिला नाक मुरडतात, आणि लग्नात नेमकी तीच संपते. कारण सरळ आहे: मिरचीची आग अल्कोहोलने आणि टॅनिनने, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरट द्रव्याने, भडकते, थोड्या गोडीने निवते. चिकन सुक्का, पनीर टिक्का, मिरचीचं भजं, यांच्यापुढे कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन कडवट लागते, शेनिन टिकून राहते. वाइन पहिल्यांदाच पिणाऱ्या काका-मावश्यांनाही तीच झेपते. रिसेप्शनसाठी एकच वाइन निवडा असं कोणी म्हटलं, तर आमचं बोट शेनिनवरच जाईल.

रोझे फोटोत सुंदर दिसते आणि मासे, चिकन, शाकाहारी सगळ्यांबरोबर चालते. सुलाची झिनफांडेल रोझे गोडीकडे झुकणारी आहे, त्यामुळे शेनिनचेच गुण तिलाही लागू. एक सावधगिरी हवी, तिची बाटली पारदर्शक असते. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली पडून राहिलेल्या अशा बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखा, उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो. दुकानात शोभेसाठी पुढे मांडलेली बाटली घेऊ नका, आतल्या बंद खोक्यातली मागा.

आता लाल. इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. ओकच्या पिंपात मुरवलेली, भारदस्त शिराझ किंवा कॅबर्ने लॉन्सवर दिली की फक्त अल्कोहोल आणि तुरटपणा जाणवतो. ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’, फ्रातेल्लीची ‘सेत्ते’, ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’ या तिन्ही आपल्या देशातल्या चांगल्या लाल वाइन. पण त्या वीस-पंचवीस माणसांच्या, बसून जेवण्याच्या, एसी असलेल्या मेजवानीच्या आहेत. साखरपुड्यानंतरचं घरगुती जेवण असेल तर अवश्य आणा. लॉन्सवर मात्र फ्रातेल्लीची साधी सांजोव्हेजे घ्या. हे द्राक्ष मूळचं इटलीतल्या तोस्कानाचं. फ्रातेल्लीने ते सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात लावलं आणि तिथल्या उन्हातही त्याने आंबटपणा सोडला नाही. अंगाने हलकी, तुरटपणा कमी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गार करून दिली तरी चांगली लागते. मटणाच्या तांबड्या रश्शाबरोबर ती शिराझपेक्षा सरस. सुलाची शिराझ कॅबर्नेही चालेल, पण तीसुद्धा गार करूनच.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची, हे वाक्य वेटरना पाठ असतं. ती रूम युरोपातली, १८ अंशांची! आपल्या मे महिन्यात लाल बाटली बर्फाच्या टबात पंधरा-वीस मिनिटं ठेवून १४-१५ अंशांवर काढा. ग्लासात ती आपोआप चढते. एखादा पाहुणा कुरकुरला तर कुरकुरू द्या, पाच मिनिटांनी त्याच्या ग्लासातली आपोआप बरोबर होते.

गोडाबरोबर काय, हा प्रश्न येतोच. जिलबी, गुलाबजाम, बासुंदी यांच्यापुढे कुठलीही कोरडी वाइन आंबट पाण्यासारखी लागते. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ फळांच्या कस्टर्डबरोबर किंवा आंब्याबरोबर छान जाते. जिलबीचा नाद सोडा, तिला मठ्ठाच बरा. गोव्याकडचे पाहुणे असतील तर पोर्टच्या दोन-चार बाटल्या जरूर ठेवा. तिथल्या पोर्टला वाइनचे शौकीन हसतात, पण गोडसर लाल पोर्ट मागणारी माणसं प्रत्येक लग्नात असतात आणि त्यांना सांजोव्हेजे देऊन समाधान होत नाही.

किती घ्यायची? आपल्या लग्नांत पाहुण्यांच्या आकड्यावरून वाइनचा हिशेब करणं चूक. तीनशे पानं उठणार असतील तरी त्यातले निम्म्याहून अधिक घेणारेच नसतात, आणि घेणाऱ्यांतले बरेच व्हिस्की नाहीतर बिअरवाले असतात. यादी घेऊन बसा, वाइन घेतील अशी नावं मोजा. समजा ऐंशी झाली. तीन तासांच्या रिसेप्शनला माणशी अडीच ग्लास धरा, म्हणजे दोनशे ग्लास. साध्या, म्हणजे न फसफसणाऱ्या, वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात, म्हणून चाळीस बाटल्या. टोस्ट सगळ्यांचा असेल तर तो वेगळा मोजा: फसफसणारी १२५ मिलीने ओतली तर बाटलीला सहा ग्लास, आणि टोस्टपुरती ८० मिली ओतली तर नऊ. चाळिसांची वाटणी उन्हाळ्यात अशी करा: शेनिन अठरा, रोझे आठ, लाल आठ, ब्रूट सहा. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकात रात्री थंडी पडते, तेव्हा शेनिन बारावर आणा आणि लाल चौदा करा. वर दहा टक्के राखीव, त्यातही ब्रूट नको, शेनिनच.

खरेदी करताना लेबलवरचं साल वाचा. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते, म्हणून त्या वर्षीची ताजी पांढरी वाइन पावसाळ्याच्या आसपास दुकानात दिसू लागते. शेनिन, सोव्हिनियाँ, रोझे जितकी ताजी तितकी चांगली. तीन वर्षांपूर्वीची शेनिन सवलतीत मिळत असेल तर ती का मिळतेय ते ओळखा. बाटली उजेडात धरा. पांढरी वाइन फिकट हिरवट-पिवळी असावी, मधासारखी सोनेरी दिसली तर ती म्हातारी झाली किंवा तापली. बूच असलेल्या बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवा. बूच काठाच्या वर आलेलं असेल किंवा आवरणाखाली चिकट ओघळ सुकलेला दिसला, तर ती बाटली कुठेतरी उन्हात उकळून आली आहे. आत वाइन फुगली आणि तिने बूच ढकललं. असा एक नमुना सापडला तर त्या खोक्यातल्या बाकीच्या अकरा बाटल्याही तपासा. फिरकीच्या झाकणाला कमी प्रतीचं समजू नका. आपल्या हवेत ते बुचापेक्षा विश्वासाचं आहे, आणि गर्दीच्या वेळी ओपनर शोधावा लागत नाही.

न उघडलेला खोका परत घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. सगळेच घेत नाहीत. घेणारेही लेबल भिजलेली बाटली घेत नाहीत, हे पुढे बर्फाच्या वेळी लक्षात ठेवा.

गोव्यातून स्वस्तात आणू, अशी सूचना करणारा एक तरी मेहुणा असतो. परराज्यातलं मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी चेकनाक्यावर गाडी अडकणं परवडणारं नाही. शिवाय महाराष्ट्र सरकारने २००१ च्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणात राज्यातल्या वाइनला करसवलत दिली, त्यामुळे नाशिकची वाइन इथे तशीही वाजवी पडते. हाच कर आयात वाइनला जबर लागतो. लॉन्सकडे स्वतःचा परवाना नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता परवाना काढावा लागतो. तारीख ठरवताना कोरडे दिवस, म्हणजे दारूविक्री बंद असलेले दिवस, बघा; निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस हमखास कोरडा असतो. कार्यस्थळ वर्धा किंवा गडचिरोली जिल्ह्यात असेल तर प्रश्नच मिटला, तिथे दारूबंदी आहे. हॉटेलात रिसेप्शन असेल तर आपली वाइन नेण्याबद्दल बाटलीमागे ‘कॉर्केज’ लावतात. तो आकडा मेन्यू ठरवतानाच घासाघीस करून घ्या, नंतर तो हलत नाही.

खरेदी आणि लग्न यांच्या मधले दोन-तीन आठवडे बाटल्या कुठे राहतात, यावर बरंच ठरतं. सर्वांत वाईट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला माळा: वर साठलेली गरम हवा, खाली गॅस. त्याच्या खालोखाल गाडीची डिकी. दुपारच्या उन्हात उभ्या गाडीत तापमान पन्नाशीकडे जातं आणि एका दुपारीत महिन्यांचं नुकसान होतं. आदर्श तापमान १२ ते १५ अंश, पण ते घरात कोणाकडे असतं? तीन आठवड्यांसाठी २४-२५ अंश चालतात, फक्त ते स्थिर हवेत. दिवसा ३६ आणि रात्री एसीने २२, असा झोका स्थिर २७ पेक्षा वाईट. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, खिडकी बंद करता येईल अशी खोली निवडा. जुन्या वाड्याचं माजघर असेल तर उत्तमच. खोके फरशीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब, वर जुनी चादर. बुचाच्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहून घट्ट बसतं. फिरकीच्या आणि फसफसणाऱ्या उभ्या चालतात. शेजारी फिनेल, डांबरगोळ्या, रंगाचे डबे नकोत.

काही जण द्राक्षबागायतदार नातेवाइकाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये खोके ठेवतात. निर्यातीच्या द्राक्षांसाठी ते शून्याच्या आसपास चालवतात. वाइन त्यात गोठत नाही, पण तळाशी साखरेसारखे खडे बसू शकतात. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, अपाय काहीच नाही. मात्र पाहुण्याला काचेचा चुरा वाटतो. शिवाय तिथून थेट तापलेल्या टेंपोत काढलेली बाटली घामाने चिंब होते आणि लेबलं सुटतात.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, बाटल्या कार्यस्थळी पोहोचवा. फसफसणाऱ्या बाटल्यांना प्रवासानंतर एक रात्र तरी शांत उभं राहू द्या. त्यांच्यात पाच-सहा बार दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. हादरलेली, कोमट बाटली उघडली की निम्मी वाइन शालूवर.

आता बर्फ. बाटलीमागे एक किलो गार करायला आणि अर्धा किलो रात्रभर टिकवायला, हा हिशेब उन्हाळ्यात चुकत नाही. वरच्या चाळीस बाटल्यांना साठ किलो झाले. पिण्याचा बर्फ वेगळा, आणि तो वेगळाच ठेवायला वेटरना बजावा: महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. निळी लादी टबाला चालते, ग्लासाला नाही. शंभर लिटरच्या प्लॅस्टिकच्या टबात वीसेक बाटल्या उभ्या मावतात. वीस किलो फोडलेला बर्फ, बाटलीच्या मानेपर्यंत पाणी आणि किलोभर जाडं मीठ. केटररची माणसं पाणी घालायचं नेमकी विसरतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. कोरड्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा असते, काचेला तो जेमतेम टेकतो; अशा टबात बाटली गार व्हायला तास उलटतो. पाणी घातलं की अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, मीठ घातलं की वीस-पंचवीस मिनिटांत. मान पाण्याबाहेर राहिली तर पहिला ग्लास कोमट निघतो, म्हणून सुरुवातीला बाटली दोन मिनिटं उलटी बुडवा. ब्रूट मात्र उलटी करू नका.

सगळ्या बाटल्या एकदम बुडवू नका. सात वाजता पाहुणे असतील तर सव्वासहाला पहिल्या वीस टाका, त्या निम्म्या झाल्या की पुढच्या दहा. शेवटच्या दहा गरज पडेपर्यंत कोरड्याच राहू द्या, म्हणजे परत करता येतील. टब मांडवाच्या मागे, जनरेटरपासून दूर, वर ओलं गोणपाट. बार काउंटरवर एका वेळी चारच बाटल्या.

ग्लास भाड्याने घेताना वाइन घेणाऱ्यांच्या दीडपट घ्या. माणसं ग्लास कुठेही ठेवतात आणि नवा मागतात. आलेले ग्लास हुंगून बघा. खोक्याचा कुबट वास किंवा साबणाचा थर असेल तर साध्या गरम पाण्याने पुन्हा धुवा. साबण राहिला की ब्रूटचे बुडबुडे मरतात आणि लोक वाइनला नावं ठेवतात. ओतायचं ते ग्लासाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. आपल्याकडच्या वेटरचा हात सढळ, तो काठोकाठ भरतो. भरलेला ग्लास संपण्याआधी तापतो आणि अर्धा गवतावर ओतला जातो. ब्रूट उघडताना जाळीची तार सहा अर्ध्या वेढ्यांत सुटते. बूच अंगठ्याखाली दाबून धरा, बाटली तिरकी करा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. फटाक्यासारखा आवाज काढायचा हट्ट नवरदेवाच्या मित्रांना असतो. त्यांच्यासाठी एक बाटली बाजूला काढा, आणि तिचं तोंड झुंबराकडे किंवा माणसांकडे नको.

उरलेल्या उघड्या बाटल्या त्याच रात्री झाकण लावून फ्रिजमध्ये गेल्या तर शेनिन आणि रोझे तीन दिवस चांगल्या राहतात, लालही तेवढीच. ब्रूटसाठी दाब धरणारं झाकण मिळतं. त्याने एखादा दिवस निघतो. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून बुडबुडे टिकत नाहीत. भिजलेल्या पण न उघडलेल्या बाटल्या पुसून कोरड्या करा आणि पुन्हा तापण्याची वाट न बघता त्याच थंड खोलीत ठेवा. पूजेनंतर पाहुणे पांगले की घरच्यांना त्या उपयोगी पडतात.